दाढेतलं शिसं

बाल न्याय मंडळाच्या खोलीत आरोपीचा पिंजरा नसतो. एक लांब टेबल, पलीकडे न्यायाधीश बाई आणि दोन सदस्य, अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यांतल्याच एका खुर्चीवर रुद्र साळोखे बसला होता. मिसरूड धड फुटलेलं नाही, नखं कुरतडून कुरतडून बोटांची टोकं लाल झालेली. हात लांबवला असता तर त्याची मान सहज हातात आली असती, इतका तो सानिका हुलवानच्या जवळ होता.

तीन महिन्यांपूर्वी या पोरानं तिच्या भावाला मारलं होतं.

विश्वजीत मिरजेच्या बायपासवर गाड्यांचं चार्जिंग स्टेशन चालवायचा. रुद्र तिथं गाड्या पुसायला होता. एका दुपारी चार्जरचा एक महागडा सुटा भाग सापडेना. विश्वजीतनं सगळ्यांसमोर रुद्रच्या दोन थोबाडात लावल्या, त्याला कान धरून उठाबशा काढायला लावल्या, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांनी त्याचा व्हिडिओ केला. मुलगा उठाबशा काढून बाहेर गेला, शेजारच्या शहाळेवाल्याचा कोयता उचलला आणि परत आत आला. नंतर पोलिसांना तो सुटा भाग विश्वजीतच्याच टेबलाच्या खणात मिळाला. तोवर विश्वजीत गेला होता.

रुद्रला सोळा वर्षं पुरी होऊन गेली होती. अशा वेळी मंडळानं ठरवायचं असतं, की मुलाचा निकाल इथंच लावायचा, म्हणजे सुधारगृहात एकविसाव्या वर्षापर्यंत ठेवायचं, की त्याला मोठ्या माणसांच्या कोर्टात पाठवायचं. सानिकाला यातलं दुसरं हवं होतं. त्यासाठी ती प्रत्येक तारखेला दवाखान्यातून रजा काढून येत होती. शेजारी तिचे वडील, अण्णा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसलेले असायचे.

"मॅडम, माझा एक अर्ज आहे," रुद्रचे वकील नेर्लेकर उठून म्हणाले. "मुलाची दंतस्तर चाचणी व्हावी. नव्या दुरुस्तीनुसार त्याचा तो हक्क आहे."

"कसली चाचणी?" सानिका ओरडली. "दात बघून काय ठरवणार? सगळ्यांनी व्हिडिओ बघितलाय त्यानं काय केलं त्याचा!"

"ताई, खाली बसा," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

रुद्रनं पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत पश्चात्ताप असेल या आशेनं तिनं शोधून पाहिलं. तिला नुसता राग दिसला, तिच्याइतकाच.

*

अहवाल आला आणि त्याची प्रत मयताच्या घरच्यांनाही मिळाली. सानिकानं तो वाचला, पर्समध्ये कोंबला आणि स्कूटर थेट दंतस्तर प्रयोगशाळेकडं काढली. डॉ. यास्मिन मुजावर म्हणजे सही करणाऱ्या बाई, हे तिला कागदावरून कळलं होतं. पन्नाशीकडं झुकलेल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या त्या बाई यंत्राशेजारी उभ्या राहून डबा खात होत्या.

"मी विश्वजीत हुलवानची बहीण," सानिका दारातूनच म्हणाली. "माझ्या भावाला शिशानं मारलं असं लिहिलंय तुम्ही."

"असं मी कुठंही लिहिलेलं नाही." बाईंनी डबा बंद केला. "बसायचं असेल तर बसा. भांडायचं असेल तर उभ्यानंही चालेल."

सानिका बसली नाही.

"झाडाच्या खोडात वर्षागणिक कडी उमटते ना," डॉक्टर सांगू लागल्या, "तशा दात वाढताना त्याच्या आत रेघा उमटतात. खूप बारीक, जवळजवळ रोजची एक. पहिली कायमची दाढ तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण हिरडीच्या आत ती जन्माच्या सुमाराला आकार घ्यायला लागते आणि तिची मुळं नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वाढत असतात. त्या काळात पोटात, रक्तात जे गेलं त्याचा माग त्या त्या दिवसाच्या थरात राहतो. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. शरीर फसतं आणि ते हाडात, दातात नेऊन ठेवतं. हाड आयुष्यभर झिजतं, भरतं, बदलतं. दाताच्या आतला थर एकदा बसला की बसला."

त्यांनी यंत्रावर हात ठेवला. शिवणयंत्राएवढी पेटी होती ती, वरून एक काचेची नळी निघालेली.

"पूर्वी याच्यासाठी दात उपटावा लागायचा. आता केसाएवढा गाभा काढला तरी पुरतो, निदान दाढ लवकर तयार झालेली असेल तर. लेसरनं एकेक थर जाळायचा, त्याची वाफ आत ओढायची आणि आतले अणू त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करायचे. त्या मुलाच्या दाढेत वयाच्या पहिल्या वर्षापासून सहाव्यापर्यंत शिसं आहे. थोडंथोडकं नाही. इतकं मी माझ्या नोकरीत दोनदाच पाहिलंय."

"आणि म्हणून त्यानं कोयता उचलला."

"शिसं कुणाला कोयता उचलायला शिकवत नाही." डॉक्टरांचा आवाज चढला. "राग तुम्हालाही येतो, आत्ता आलाय. पण राग आणि हात यांच्यामध्ये एक क्षण असतो. कपाळाच्या मागं मेंदूचा जो भाग आहे तो तो क्षण सांभाळतो. त्या भागाची बांधणी लहानपणी सुरू होते आणि पंचविशीपर्यंत चालते. लहानपणीच शिसं पोचलं तर बांधणी कच्ची राहते. मग चौदा-पंधरा-सोळाव्या वर्षी, जेव्हा अंगात सगळ्यात जास्त उसळी असते, तेव्हा तो क्षण फार तोकडा पडतो."

"मग तशी सगळीच पोरं खुनी व्हायला पाहिजेत."

"नाही होत. बहुतेक पोरं कुणाला टाचणीसुद्धा टोचत नाहीत. शिसं एकटं पुरत नाही, ताई. शाळेत वाचायला जमलं नाही म्हणून मास्तरांनी मागं बसवलं, नववीत नाव काढून टाकलं, बाप गेला, आणि मग एक दिवस चार लोकांत कान धरायला लावले. यातली एक गोष्ट कमी असती तरी—"

"माझ्या भावाचा दोष काढताय?"

"मी दाढेत काय सापडलं ते सांगतेय. तुम्हाला भाऊ परत हवाय, तो या पेटीत नाही."

सानिकानं दाराची कडी गच्च धरली. फिजिओथेरपीच्या कामात तिनं शेकडो पेशंटांना सांगितलं होतं, की श्वास सोडा, मूठ उघडा. तिची मूठ उघडत नव्हती.

"सरकारी वकील म्हणणार की यंत्राची चूक आहे," डॉक्टर आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "आणि मंडळ ते मान्यही करेल, कारण शिसं आलं कुठून ते मला दाखवता येत नाही. शिशाबरोबर अँटिमनी सापडलंय, म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवायची भट्टी. अशा प्रत्येक भट्टीतल्या शिशाच्या अणूंचं आपसातलं प्रमाण वेगळं असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. त्याच काळातला, त्याच जागेचा दुसरा नमुना जुळला तर कुणाचं काही चालणार नाही. पण दफ्तरात मिरजेच्या आसपास एकाही भट्टीची नोंद नाही."

सानिकाच्या नाकात एकदम वास आला. आंबूस, जळका, जिभेच्या मुळाशी चिकटणारा. रेल्वेच्या रुळांपलीकडचा माळ, पत्र्याची शेड, आणि शेडच्या मागं हुलवानांचं जुनं घर.

ती बाहेर पडली.

*

रुपाली साळोखे एका खासगी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. सानिका तिथं पोचली तेव्हा ती ओल्या चादरींचा गठ्ठा यंत्रातून ओढून काढत होती. सानिकाला पाहून तिनं गठ्ठा खाली टाकला.

"आता काय न्यायला आलाय?"

"एकच विचारायचंय. रुद्र लहान असताना तुम्ही कुठं राहत होता?"

रुपाली हसली. त्या हसण्यात जरासुद्धा गंमत नव्हती. "तुमच्याच बापाच्या खोलीत. शेडच्या मागं पाच खोल्या होत्या की रांगेनं. तुम्ही वरच्या घरात होता, तुम्हाला कशाला खालचं दिसतंय."

"तुमचे मिस्टर..."

"भट्टीवर होते. बॅटरी फोडायची, आतल्या प्लेटा काढायच्या, वितळवायच्या. घरी आले की अंगावर पांढरी भुकटी. मी कापडं झटकायची दारात, पोरगं तिथंच रांगायचं. भिंत चाटायचं, माती खायचं. मारलं तरी खायचं. गोड लागती म्हणायचं." तिनं ओले हात पदराला पुसले. "मग ह्यांचे पंजे पडले. हात सरळ धरला तरी पंजा असा लोंबायचा. तुमच्या बापानं सांगितलं, काम होत नाही तर खोली सोडा. पुढं मूत्रपिंड गेलं, मग माणूस गेलं."

पंजा लोंबणं. मनगटाच्या नसा शिशानं मेल्या की पंजा लोंबतो, हे तिनं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पाठ केलं होतं. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि तिला त्यात पैकीच्या पैकी गुण पडले होते. तो माणूस तिच्या घराच्या उताराखाली राहत होता.

"ही चाचणी रुद्रच्या फायद्याची आहे," ती कशीबशी म्हणाली.

"फायदा?" रुपाली पुढं आली. "डोकं बिघडलेलं पोरगं असं कागदावर लिहून देणार, तो फायदा? एकविसाव्या वर्षी सुटला तर कोण दारात उभं करील त्याला? खुनी म्हणून तरी चार लोक घाबरतील. आणि तुम्हाला कधीपासून माझ्या पोराचा पुळका आला?"

"मला पुळका नाही."

"मग जावा. चादरी वाळत घालायच्या आहेत मला."

*

अण्णा शोरूममध्ये होते. शिशाच्या बॅटऱ्यांचा जमाना सरत आला तेव्हा त्यांनी शेड मोडली, माळावर सिमेंट ओतलं आणि नव्या गाड्यांची एजन्सी घेतली. काचेच्या भिंती, थंड हवा, दारात गणपती, त्याच्या शेजारी विश्वजीतचा हार घातलेला फोटो. सानिका त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

"साळोख्यांचा मुलगा आपल्या खोलीत लहानाचा मोठा झाला, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग?" अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोलीत राहिला म्हणून पोराला मारायचा परवाना मिळतो?"

"त्याच्या दाढेत शिसं सापडलंय. आपल्या भट्टीचं."

"कुणाच्या नावावर भट्टी होती? दाखव कागद."

"कागद नाही, ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्ही इतके ताठ बसता तिथं." तिचा आवाज फाटला. "अण्णा, ते विष आहे हे तुम्हाला माहीत होतं का? एवढंच सांगा."

अण्णा उठले, काचेबाहेर पाहत उभे राहिले. बाहेर एक विक्रेता नव्या जोडप्याला गाडीचं दार उघडून दाखवत होता.

"विशूला चक्कर यायची, आठवतं?" ते म्हणाले. "पोटात दुखायचं. तूही तेव्हा चिडचिडी झालेलीस, आईच्या अंगावर ताट फेकलंस एकदा. मी दोघांचं रक्त तपासून आणलं, पुण्याला. डॉक्टर म्हणाला, पोरांना तिथून हलवा, आजच्या आज. तुला अकरावीला साताऱ्याला आत्याकडं का पाठवलं असं वाटतं तुला? तिथलं कॉलेज चांगलं म्हणून? विशूलाही तुझ्याबरोबर धाडलं. बापानं जे करायचं ते मी केलं."

सातारा तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता. अजिंक्यताऱ्यावरची फिरणी, आत्याच्या हातची आमटी, डोकं हलकं हलकं होत गेल्यासारखं वाटायचं, अभ्यास एकदम जमायला लागला होता. ती समजत होती की आपण मोठ्या झालो.

"आणि खोल्यांतली पोरं?"

"त्यांना त्यांचे बाप होते."

"त्यांच्या बापांना कुणी सांगितलं?"

"सांगितलं असतं तर भट्टीवर उभं कोण राहिलं असतं?" अण्णा गर्रकन वळले. "तुझं शिक्षण, विशूचं स्टेशन, हे अंगावरचं कापड, सगळं त्या धुरातनं आलंय. आता फार सोवळं आठवायला लागलं का? माझा मुलगा मेलाय. त्याला मारणाऱ्याला मी फासापर्यंत नेणार. तू मध्ये आलीस तर मला मुलगी पण नाही, एवढं लक्षात ठेव."

"भट्टी पुढं किती चालली, मला पाठवल्यावर?"

"चालली तीनेक वर्षं."

तिला त्या क्षणी टेबलावरचा काचेचा पेपरवेट दिसला. तो उचलावा आणि समोरच्या पांढऱ्या सदऱ्यावर मारावा असं तिच्या हाताला इतकं स्वच्छ वाटलं, की बोटं पुढं सरकली सुद्धा. मग कुठूनतरी तो क्षण आला, डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या तो. तो लांबला. तिनं हात मागं घेतला आणि दार उघडून बाहेर पडली.

रुद्रबद्दल तिच्या मनात अजूनही कणभर माया नव्हती. तो कोर्टात उभा राहावा, कुढत राहावा, असंच वाटत होतं. पण 'त्यांना त्यांचे बाप होते' हे वाक्य कानातून जाईना. विशूच्या फोटोशेजारी उभं राहून माणूस असं बोलू शकतो, आणि तो माणूस उद्या पुन्हा मंडळात मयताचा बाप म्हणून बसणार, लोक त्याच्यासाठी उठून खुर्ची देणार. ते तिला सहन होईना.

*

"दुसरा नमुना मी आहे," ती डॉ. मुजावरांना म्हणाली.

या वेळी ती बसली होती. डॉक्टरांनी तिच्या तोंडात दिवा धरला. अक्कलदाढ सगळ्यात उशिरा तयार होते. तिची मुळं अठरा-वीस वर्षांपर्यंत वाढत असतात. सानिका सोळाव्या वर्षापर्यंत माळावरच्या घरात होती. तेव्हाचा धूर तिच्या खालच्या उजव्या अक्कलदाढेच्या मुळात असणार होता. पण मूळ हाडात रुतलेलं. तिथून केसाएवढा गाभा निघत नाही.

"ही दाढ काढावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला दुखत नाहीये, किडलेली नाही. मी जबरदस्ती करणार नाही."

"काढा."

"तुमचे वडील..."

"मी म्हटलं ना, काढा."

बधिर केलं तरी हिसका जबड्याच्या मुळापर्यंत पोचला. बशीत पडलेली दाढ तिला भलतीच मोठी वाटली, फांद्या फुटल्यासारखी दोन वाकडी मुळं. तोंडात कापसाचा बोळा धरून ती घरी न जाता मैत्रिणीच्या खोलीवर गेली. अण्णांचा एकही फोन आला नाही.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी तिला बोलावून पडद्यावर दोन आलेख एकावर एक ठेवून दाखवले. रुद्रचा लाल, तिचा निळा. तळाशी वर्षं होती. दोन्ही रेघा शेजारी शेजारी वर चढल्या होत्या, सारख्याच दातेरी. हिवाळ्यात भट्टी जोरात चालायची तेव्हा दोन्हीकडं शेंडे, पावसाळ्यात दोन्हीकडं खळगे.

"प्रमाण जुळतं," डॉक्टर म्हणाल्या. "संशयाला जागाच नाही. एकाच भट्टीचं शिसं."

मग एका जागी निळी रेघ तुटून पडावी तशी खाली आली आणि जवळजवळ तळाला टेकली. लाल रेघ तशीच वर राहिली, एक वर्ष, दोन वर्षं, तीन.

"इथं काय झालं?" डॉक्टरांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"मला साताऱ्याला नेलं," सानिका म्हणाली.

सानिका त्या लाल रेघेकडं पाहत राहिली. तेव्हा रुद्र तीन वर्षांचा असणार.

*

पुढच्या तारखेला खोली भरली होती. अण्णा पहिल्या रांगेत, सानिका मागच्या. नेर्लेकरांनी तिचं नाव पुकारलं तेव्हा अण्णांची मान वळली नाही, फक्त मानेची शीर फुगली.

तिनं सगळं सांगितलं. शेड कुठं होती, चिमणी किती बुटकी होती, खोल्या कुणाच्या, भाडं कोण घ्यायचं, पुण्याचा डॉक्टर काय म्हणाला, तिला आणि विशूला का हलवलं, आणि भट्टी पुढं चालू कशी राहिली. बोलताना दाढेच्या खळग्यात ठणका मारत होता. सरकारी वकिलांनी विचारलं, भावाच्या खुन्याबद्दल तुम्हाला सहानुभूती आहे का? ती म्हणाली, "नाही."

"मग हे कशासाठी?"

"खरं आहे म्हणून. आणि माझ्या बापानं ते दाबलं म्हणून."

तेवढ्यात रुद्र उठून उभा राहिला. शिपायानं त्याचा खांदा धरला, त्यानं तो झटकला.

"मला बोलायचंय. हे शिसं-बिसं मला नको." त्याचा आवाज अजून धड फुटला नव्हता, मधेच बारीक झाला, त्यानं तो आणखी चिडला. "सगळे म्हणालेत पोराचं डोकं कच्चं हाय. माझं डोकं कच्चं नाय. त्यानं मला चोर म्हटलं, मी चोर नव्हतो. मी सांगितलं, नाय घेतलं म्हणून, तर म्हणाला तुझा बाप पण असलाच होता, फुकट खाऊन मेला. मला राग आला. मी केलं. मशीननं नाय केलं. मी केलं."

"बाळ, खाली बस," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"मला बाळ म्हणू नका!"

रुपालीनं तोंडात पदर कोंबला. तीन महिने सानिकाला हेच ऐकायचं होतं, या पोरानं सगळ्यांसमोर 'मी केलं' म्हणावं. आता त्यानं म्हटलं, आणि तिच्या तोंडात नुसती रक्ताची चव होती. विशू असं बोलला असेल? बोलला असेल. विशूचा हात आणि जीभ दोन्ही लवकर सुटायचे. घरातला टीव्ही त्यानं एकदा मॅच हरल्यावर फोडला होता, आणि अण्णा हसले होते.

मंडळानं निकाल राखून ठेवला आणि दुसऱ्या आठवड्यात दिला. रुद्रचं प्रकरण मोठ्या कोर्टात जाणार नाही. गुन्हा त्यानंच केला, त्याची जबाबदारीही त्याचीच. पण बालपणी झालेली इजा सिद्ध आहे, म्हणून तो एकविसाव्या वर्षापर्यंत विशेष गृहात राहील, त्याच्यावर उपचार होतील, शिक्षण होईल. त्या खोल्यांत वाढलेल्या प्रत्येक मुलाची तपासणी करावी. आणि अण्णांविरुद्ध, म्हणजे अर्जुन हुलवान यांच्याविरुद्ध, पोलिसांनी स्वतंत्र गुन्हा नोंदवावा.

पोलिसांनी अण्णांना तिथूनच सोबत घेतलं. जिन्यात ते सानिकापाशी थांबले. पांढऱ्या सदऱ्याला घामाचे डाग पडले होते.

"एक त्यानं मारला," ते म्हणाले, "आणि एक आज माझ्यासाठी मेली."

तिनं बाजूला होऊन वाट दिली. खाली गर्दीतून कुणीतरी अण्णांच्या अंगावर चप्पल भिरकावली, कुणीतरी सानिकालाही शिवी दिली, भावाचं रक्त विकलं म्हणून. माळावरच्या खोल्यांत राहिलेल्या बायका रुपालीला धरून उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनं सानिकाकडं पाहून रस्त्यावर थुंकलं.

व्हॅन यायला वेळ होता. रुद्रला तोवर वरच्या बाकावर बसवलं होतं, शेजारी एक कंटाळलेला शिपाई. गर्दी ओसरावी म्हणून सानिका पुन्हा वर आली होती. आता जिन्याकडं जायचं तर तिला त्याच्यासमोरून जावं लागणार होतं. ती न बघता निघाली.

"ओ," तो म्हणाला.

ती थांबली.

"तुमच्यात पण हाय म्हणं. तेच."

"आहे."

"मग तुम्ही कसं कुणाला नाय मारलं?"

त्याच्या स्वरात कुत्सितपणा होता, पण डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. त्याला खरंच उत्तर हवं होतं. पेपरवेटपाशी थांबलेला हात तिला आठवला.

"मला वेळेवर तिथून नेलं," ती म्हणाली.

रुद्रनं नखाचा तुकडा दातानं तोडला आणि बाजूला थुंकला. "मला कोण नेणार होतं?"

"कुणी नाही."

खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. शिपाई उठला, त्यानं रुद्रच्या दंडाला धरलं.

"मी तुला माफ केलेलं नाही," सानिका म्हणाली. "पुढंही करेन असं वाटत नाही."

"मी मागितली पण नाय," रुद्र म्हणाला. जिन्याच्या वळणावर त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, आणि मग शिपायाच्या पुढं पुढं, दोन दोन पायऱ्या एकदम उतरत खाली गेला.